ताटाची डावी बाजू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, ते शाळेत गणित शिकवायचे असं संयोजकांनी फोनवर सांगितलं आणि मला विषय सापडला. मधुमेहाच्या आहाराबद्दल आपल्या घरांत श्रद्धा भरपूर आहे, भीतीही भरपूर आहे, व्हॉट्सॲपवरचं ज्ञान तर ओसंडून वाहतं आहे. वानवा आहे ती साध्या बेरीज-वजाबाकीची. म्हणून आज औषधांवर मी फार बोलणार नाही. ताटात काय किती पडतं, ते मोजू.

आधी निदानाचे आकडे सांगते, म्हणजे भाषा एक होईल. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी 200 किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी, जिला आपण 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतो, ती 6.5 टक्के किंवा जास्त. लक्षणं काही नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही आणि 13 कोटी 60 लाख लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. सगळ्यांत जास्त प्रमाण निघालं आपल्या शेजारी गोव्यात, 26.4 टक्के. तेव्हा या सभागृहात मी कोणाच्या तरी दूरच्या मावसभावाच्या आजाराबद्दल बोलते आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

घरात कोणाची 'शुगर निघाली' की संध्याकाळपर्यंत काय काय होतं, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. चहा बिनसाखरेचा होतो. भात बंद. गव्हाच्या जागी ज्वारी, नाहीतर बाजारातून आणलेलं 'मल्टिग्रेन' पीठ. मेथ्या भिजत पडतात, कोणीतरी कारल्याचा रस सुचवतं, कोणी जांभळाच्या बियांची पूड आणून देतं. गूळ मात्र घरात राहतो, कारण तो 'नैसर्गिक' असतो. चौकाचौकांत 'गुळाचा चहा' अशा पाट्या लागल्यापासून तर लोकांनी त्याला औषधच करून टाकलं आहे. मग तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो. शुगर थोडी उतरलेली असते, पण फार नाही. आणि समोरचा माणूस दुखावलेल्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, एवढं सगळं सोडलं हो!"

त्याने खरंच सोडलेलं असतं. फक्त मोजलेलं नसतं.

आपल्याकडच्या एका मध्यमवर्गीय, कष्टाचं काम नसलेल्या माणसाचा साधा दिवस घेऊ. सकाळी बशीभर कांदेपोहे. बशीत साठेक ग्रॅम कोरडे पोहे असतील तर त्यांतून 46 ग्रॅम कर्बोदकं मिळतात, ज्यांना हल्ली सगळे कार्ब्ज म्हणतात. दोन चहा, प्रत्येकात चमचाभर साखर, मिळून 10 ग्रॅम. चहाबरोबर चार मारी बिस्किटं, अठरा धरा. दुपारी तीन पोळ्या, वाटीभर भात, बटाट्याची भाजी, पातळ वरण. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत वीस ग्रॅम, म्हणजे तीन पोळ्यांचे साठ, भाताचे पस्तीस, बटाट्याचे अठरा आणि वरणाचे बारा. झाले 125. रात्री दोन पोळ्या, पुन्हा भात, आमटी, म्हणजे 85. मध्ये एखादं फळ, चहातलं दूध. दिवसाची बेरीज 300 ग्रॅमच्या आसपास जाते. एका ग्रॅममधून चार उष्मांक, म्हणजे 1200. माणसाची दिवसाची गरज 1900 धरली तर त्यांतले 63 टक्के उष्मांक एकट्या कर्बोदकांतून आले.

हे मी माझ्या मनाने रचलेलं ताट आहे, पण ते फार चुकलेलं नाही. याच इंडियाब पाहणीतल्या आहाराच्या नोंदी 2025 मध्ये प्रसिद्ध झाल्या. भारतीय माणूस सरासरी 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो, असं त्यांत दिसलं. 

आता या माणसाने चहातली साखर बंद केली. तीनशेतले दहा गेले. साखर सोडल्याचं दुःख मोठं असतं हे मला मान्य आहे, पण वजाबाकी एवढीच आहे. उरलेले 290 त्याच्या ताटात तसेच बसून आहेत. आणि पोटात गेल्यावर पिष्टाचं ग्लुकोजच होतं. ते पोळीतून आलं की पेढ्यातून, हे रक्ताला विचारून उपयोग नाही. पेढ्याचं लवकर येतं, पोळीचं थोडं उशिरा. येतं मात्र दोन्हींचं.

मग धान्य बदलून भागतं का? हा आपला महाराष्ट्राचा आवडता प्रश्न आहे आणि इथे मला काही जणांची नाराजी ओढवून घ्यावी लागेल. शंभर ग्रॅम गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, कोणतंही पीठ घ्या, त्यात कर्बोदकं साधारण 62 ते 78 ग्रॅम असतात. ज्वारी-बाजरीत तांदळापेक्षा चोथा जास्त, नाचणीत कॅल्शियम भरपूर, पोटही भरल्यासारखं वाटतं. हे सगळं खरं. पण भाकरी थापणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, एका भाकरीला पीठ किती लागतं? पन्नास-साठ ग्रॅम. फुलक्याला पंचवीस. म्हणजे 'मी आता पोळी सोडली, दोन भाकऱ्याच खातो' असं म्हणणारा गृहस्थ पूर्वीपेक्षा जास्त पीठ खात असू शकतो. 2025च्या त्याच अभ्यासात संशोधकांनी 1,21,077 प्रौढांच्या नोंदींवर हिशेब मांडला. पांढरा तांदूळ किंवा मैदा काढून तेवढेच उष्मांक गव्हाच्या वा भरडधान्याच्या पिठातून घेतले, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचं आढळलं नाही. कर्बोदकांतले पाच टक्के उष्मांक काढून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दही यांतली प्रथिनं घातली तर मात्र तो कमी आढळला. धान्याची जात बदलण्यापेक्षा धान्याची जागा कमी करणं महत्त्वाचं, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते. ज्वारीवर माझा राग नाही. माझ्या घरी भाकरीच असते. पण ती एक.

याच गटाने 2022 मध्ये 18,090 जणांच्या आहाराच्या नोंदींवरून गणित करून एक प्रमाण सुचवलं होतं. नव्याने निदान झालेल्यांची साखर औषधांशिवाय आटोक्यात यायची असेल तर कर्बोदकं 49 ते 54 टक्के, प्रथिनं 19 ते 20 टक्के, स्निग्ध पदार्थ 21 ते 26 टक्के. मला या शिफारशीतली नेमस्तपणाची बाजू आवडते. कीटो नाही, भातावर बहिष्कार नाही. 62 वरून 50 च्या जवळ या, एवढंच ती मागते. अडचण प्रथिनांची आहे. आपल्या शाकाहारी घरांतल्या पातळ वरणाने वीस टक्के गाठणं कठीण. डाळ घट्ट करावी लागते, उसळ रोजची करावी लागते, दही-ताक-पनीर-अंडी-मासे यांपैकी जे चालतं ते वाढवावं लागतं.

आता आपलं ताट बघू, कारण उत्तर तिथेच आहे. पंगतीत पान कसं वाढतात? वर मीठ, मग लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ. मध्ये भाताची मूद. या मांडणीत काहीही चुकीचं नाही. चुकलं आहे ते आकारमान. कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगराएवढा. डावी बाजू तोंडी लावण्यापुरती उरली. कोशिंबीर वाटीभर करा, म्हणजे काकडी, गाजर, मुळा, कोबी, दही, वर दाण्याचं कूट. उजवीकडची उसळ वाटीभर घट्ट करा. भाजी बटाट्याऐवजी गवार, दोडका, पालेभाजी, भेंडी अशी भरपूर घ्या. मग मध्यभागी जी जागा उरेल तेवढीच पोळी किंवा भात. तेच ताट, तेच पदार्थ.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपण जेवण वरण-भाताने सुरू करतो. रिकाम्या पोटी आधी तूप-वरण-भात, मग पोळी, शेवटी पुन्हा ताकभात. अमेरिकेत अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेही माणसांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी असा क्रम ठेवला तेव्हा जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. प्रयोग मोजक्या लोकांवरचा होता, त्यावर सगळा भार टाकू नये. पण करून बघायला खर्च शून्य आहे. कोशिंबीर आणि उसळ आधी संपवा, पोळी-भात नंतर. पंगतीत लोक बघतील. बघू द्या.

तर त्या आपल्या माणसाचं सुधारलेलं ताट मांडते. सकाळी पोह्यांऐवजी मुगाची दोन धिरडी आणि दही, कर्बोदकं 28 ते 30. पोहेच हवे असतील तर अर्धे पोहे आणि अर्धी मोड आलेली मटकी, वर मटार, दाणे. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, मिळून पंचाहत्तर. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि एखादा पेरू, तीस. रात्री एक छोटी भाकरी, पिठलं किंवा माशाची आमटी किंवा अंड्याची पोळी, भाजी, ताक, पंचावन्न. चहातल्या दुधासह बेरीज दोनशेच्या आत. यात उपाशी राहणं कुठे आहे? भातावर जीव असेल तर दुपारच्या दोन पोळ्यांऐवजी वाटीभर भात घ्या, दोन्ही नको. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. त्याची साखर पांढऱ्या सुरय तांदळाच्या मानाने हळू चढते. तरी वाटी एकच.

'हळू चढते' म्हणताना ग्लायसेमिक इंडेक्सबद्दल, म्हणजे जीआयबद्दल, दोन शब्द. टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 1981 मध्ये ही कल्पना मांडली. ग्लुकोजला 100 धरून इतर पदार्थ किती वेगाने साखर चढवतात ते मोजायचं. उपयुक्त कल्पना आहे, पण ती वेग सांगते, किती खाल्लं ते सांगत नाही. डाळी, चणे, राजमा खाली; पांढरा भात, पांढरा पाव वर. बाजारातल्या पुड्यांवर 'लो जीआय' छापलेलं असतं तेव्हा पुडा उलटा करा आणि मागे शंभर ग्रॅमला कर्बोदकं किती ते वाचा. 'शुगर फ्री' बिस्किटांत साखर नसते, मैदा असतोच; साठ-सत्तर ग्रॅम सहज निघतात.

आंब्याचा प्रश्न कोकणातल्या श्रोत्यांनी विचारण्याआधीच घेते. मध्यम आकाराच्या एका हापूसच्या गरातून वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं येतात. म्हणजे एक पोळी. आंबा खायचा त्या जेवणात एक पोळी कमी करा, आणि फोडी खा. वाटी-वाटीने आमरस आणि त्याबरोबर चार पुऱ्या, हे मात्र जमणार नाही.

आपल्याला हा आजार इतका का, हे समजून घ्यायचं तर पुण्याला जावं लागतं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव इथे अनेकांना माहीत असेल. 2004 मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन यडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापलं. दोघे शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. वजनकाटा दोघांना सारखं मानतो, शरीर मानत नाही. आपण बारीक दिसतो आणि आतून चरबीचे असतो. 'मी काही जाडा नाही, मला कसा डायबिटीस?' या प्रश्नाला एवढं एक छायाचित्र पुरेसं उत्तर आहे. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा; पुरुषांची 90 सेंटिमीटर आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचे अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. पोटात असताना अन्न कमी पडलेल्या बाळाचं शरीर काटकसरीची सवय लावून घेतं आणि पुढे मुबलक अन्न मिळालं की तीच सवय त्याला नडते, हा साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांचा सिद्धांत या गावांत नव्या तपशिलाने तपासला गेला. मला याबरोबर आपला 1972चा दुष्काळ आठवतो. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. तेव्हा जन्मलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून दवाखान्यांत येत आहेत. त्यांच्या मधुमेहाला तो दुष्काळच कारण, असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या पन्नाशीच्या शेतमजुराची शुगर 280 निघाली आणि तो म्हणाला, "आयुष्यात गोड कधी परवडलं नाही, मग हे कसं?", तर त्याला 'तुझ्या खाण्याचा दोष' असं सांगायला माझी जीभ वळत नाही.

जुन्यांना यातलं काहीच कळत नव्हतं असंही नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांत बसून राहणं, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ यांची नावं येतात, आणि पथ्यात जव येतात. पॅरिसचे डॉक्टर बुशार्दा यांनी 1870च्या वेढ्यात, शहरात अन्नाची टंचाई झाली तेव्हा, आपल्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झालेली पाहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण दुसरा उपायच नव्हता. जानेवारी 1922 मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं आणि ते पर्व संपलं. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांना आजही इन्शुलिनशिवाय कोणताही आहार वाचवत नाही. त्यांचे आईबाप इथे असतील तर त्यांना हात जोडून सांगते, 'आहाराने सुटका' असं सांगणाऱ्या कोणाच्याही नादी लागून इन्शुलिन थांबवू नका.

टाइप टूमध्ये मात्र गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांचा 'डायरेक्ट' नावाचा प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे, जास्त वजनाचे असे 306 लोक. त्यांतल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 उष्मांकांचा द्रव आहार दिला, मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षाअखेर या गटातले 46 टक्के गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते; दुसऱ्या वर्षाअखेर 36 टक्के. पंधरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत तर पहिल्या वर्षी 86 टक्के. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्शुलिन पुन्हा नीट स्रवायला लागतं, असं टेलर यांचं म्हणणं. 'रिव्हर्सल'च्या जाहिराती याच अभ्यासावर उभ्या आहेत. त्यांत 46 हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, 36 नसतो. वजन परत चढलं की साखरही परत येते, हे तर अजिबात नसतं.

आपल्याकडे काही वर्षांपूर्वी घरोघर वाद पेटला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराला धरून, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं खा, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, तुपाला भिऊ नका. लग्नाच्या पंगतींत यावर भांडणं झालेली मी पाहिली आहेत. माझं मत विचाराल तर दोन वेळांच्या जेवणाने अनेकांचा फायदा झाला तो मधला चहा-बिस्किट-चिवडा बंद झाल्यामुळे. ते चांगलंच झालं. पण दोन जेवणांतही कोणी पाच पोळ्या आणि डोंगरभर भात खाऊ शकतो, आणि तुपाची भीती गेली म्हणून पुरणपोळ्यांची संख्या वाढवू शकतो. पद्धत कोणतीही घ्या, शेवटी दोनशे की तीनशे, हा प्रश्न सुटत नाही.

इथे एक सूचना, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जे फक्त मेटफॉर्मिन घेतात त्यांची साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता कर्बोदकं निम्म्यावर आणली किंवा कडक उपास धरला, तर साखर सत्तरच्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं बिघडतं, माणूस रस्त्यात कोसळतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपास केला किंवा कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर रक्तात आम्लं साठण्याचा धोका असतो, आणि गंमत अशी की तेव्हा शुगर फार वाढलेली नसतेही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारा. आहार बदलला की औषधांचा डोस बदलावा लागतो. तो आधी ठरवायचा.

उपासाचं बोलायचं तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली आहे. वाटीभर, पाऊणशे ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत 65 ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळपास शून्य. जी काही येतात ती दाण्याच्या कुटातून. वर बटाटा. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या कोणत्या ऋषींनी तो उपासाला चालतो असं ठरवलं ते शोधायला हवं. उपास करायचाच तर राजगिरा, दाण्याची आमटी, दही, काकडी, लाल भोपळा हे सगळं चालतं की. वरईसुद्धा वाटीभरच.

शतपावलीचं एक वाक्य. जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. शंभर पावलं त्याला थोडी कमी पडतात एवढंच.

आता पैशांचं बोलते, कारण डॉक्टर ते बोलत नाहीत. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळतं. तांदूळ आणि गहू. डाळ त्यात नाही. ज्या घरात पोट भरण्याचं सगळ्यांत स्वस्त साधन भात आणि पोळी आहे, त्या घराला 'धान्य कमी करा' हा सल्ला महागात पडतो. म्हणून बदाम-अक्रोडांची यादी लिहून देणाऱ्यांचा मला राग येतो. स्वस्तातली प्रथिनं आपल्याकडे आहेत: शेंगदाणे, हरभरे, मटकी, चवळी, सोयाबीन, ताक, अंडी, किनाऱ्यावर सुकट आणि सुके बोंबील. कणकेत एक चतुर्थांश बेसन किंवा सोयाबीनचं पीठ मिसळलं तर त्याच पोळीतली प्रथिनं वाढतात. रेशनवर डाळ नियमित मिळाली पाहिजे, ही मागणी मधुमेहाच्या उपचारांतच मोडते, असं मला ठाम वाटतं. 

शेवटी स्वयंपाकघरात जाऊ, कारण हे सगळं तिथे घडणार आहे. नवऱ्याला मधुमेह निघाला की घरातली बाई त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी, वेळेवर औषधं सांभाळते. तिलाच मधुमेह निघाला तर? तिच्यासाठी वेगळं कोण करतं? ती सगळ्यांनंतर जेवते. तोवर उसळ संपलेली असते, कोशिंबीर संपलेली असते, उरलेले असतात भात आणि दोन पोळ्या. टाकायचं कसं म्हणून ती तेच खाते. कितीही चांगला आहारतक्ता हातात दिला तरी त्या घरातल्या वाढपाची पद्धत बदलल्याशिवाय तो लागू पडणार नाही. उसळीची वाटी आधी तिच्या ताटात पडली पाहिजे, आणि वेगळा 'पथ्याचा' स्वयंपाक न करता सगळ्या घराने हेच जेवावं. ज्याला मधुमेह नाही त्यालाही या ताटाने काही अपाय होत नाही.

ज्यांचं निदान झालं आहे त्यांनी एक करावं. ग्लुकोमीटर असेल तर आठवडाभर रोज एका जेवणाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी शुगर मोजा, आणि शेजारी काय किती खाल्लं ते लिहा. तुमच्या पोह्यांनी तुमची शुगर किती चढते, ते तुमच्या वहीतूनच कळेल. ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. आणि इथे बसलेल्या पुरुषांना माझी विनंती आहे की, घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची साखर या महिन्यात तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आरोग्य मंदिरात ती मोफत तपासतात. तुम्हीही सोबत जा, आपलीही तपासून घ्या.